आईने माझ्या बागेविरुद्ध केलेला अर्ज

गुरुग्राममधल्या ज्या सोसायटीत मी राहते, तिथली बाग मीच आखली आहे. हे मी शेजाऱ्यांना सहसा सांगत नाही. स्वतः शिजवलेलं स्वतःच रोज जेवायची वेळ आमच्या धंद्यात क्वचितच कुणावर येते.

बिल्डरच्या माणसाला मुघल पद्धतीची चारबाग हवी होती. त्याने मोबाइलवर एका हॉटेलचा फोटो दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, बिल्कुल ऐसा." चारबागेत दाट सावली लागते, फळझाडं लागतात, विहिरीचं पाणी खेळतं राहावं लागतं, असं मी त्याला बराच वेळ समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "नीचे पार्किंग है." म्हणजे दोन मजली पार्किंगचं छत आणि त्यावर तीन फूट माती. तेवढ्यात मी चार चौकोन बसवले, त्यांच्यामधून पाण्याचे पाट काढले, कडेने पाम लावले आणि मधोमध एक सिमेंटची घुमटी उभी केली. डेंग्यूच्या धास्तीने पाटांचं पाणी पहिल्याच वर्षी बंद झालं. कोरड्या पाटांत मुलं स्केटिंग करू लागली. आराखड्यातला तेवढाच भाग अपेक्षेपेक्षा चांगला उतरला.

आई केंद्र सरकारच्या नोकरीत होती. निवृत्त झाल्यावर दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून ती माझ्याकडे आली. पहिल्याच संध्याकाळी ती हौसेने खाली गेली आणि दहा मिनिटांत घामाघूम होऊन परतली.

"अगं, ती झाडं आहेत की विजेचे खांब?"

"आई, ती चारबाग आहे."

"अच्छा! चार बागा, आणि सावली एकीतही नाही?"

क्वार्टरांच्या मधल्या चौकात कुणी एके काळी सरकारी हिशोबाने कडुनिंब लावून ठेवले होते. त्यांच्याखाली आईने तीस वर्षं स्वेटर विणले, मटार सोलले, बढत्यांच्या बातम्या ऐकल्या. त्या चौकाची आखणी किती सुमार आहे हे मी कॉलेजात असताना तिला सविस्तर सांगितलं होतं. ते ती विसरलेली नव्हती.

आठवड्याभराने तिने सोसायटीच्या कमिटीला अर्ज दिला. आयुष्यभर टिपणं लिहिलेला हात तो. विषय, संदर्भ, तीन मुद्दे: बागेत सावली नाही, बाकांना पाठ नाही, सबब, संबंधित डिझायनरकडून खुलासा मागवावा.

"आई, डिझायनर मी आहे."

"माहीत आहे. म्हणून तर नाव घातलं नाही."

रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये बैठक झाली. अध्यक्ष निवृत्त बँक मॅनेजर. त्यांनी अर्ज मोठ्याने वाचला आणि विचारलं, "डिझायनर का पता किसी के पास है?" आई सरळ समोर बघत बसली होती. मी उठून उभी राहिले. "मैं ही हूँ," म्हटलं.

इतकी माणसं माझ्या कामाकडे इतक्या लक्षपूर्वक पहिल्यांदाच बघत होती. मी तीन फूट मातीची गोष्ट सांगितली. तिथे कडुनिंब लावला तर मुळं छत फोडतील किंवा झाड तरी मरेल. तेवढ्यात आईने विचारलं, "तो असली ज़मीन कहीं है ही नहीं?"

नाही म्हणता आलं असतं. पण मागच्या भिंतीलगत एक तुकडा होता, पार्किंगसाठी न खोदलेला. तिथे एक जुनं दगडी थडगं होतं, घुमट असलेलं. कुणाचं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सरकारी यादीतही त्याची नोंद नव्हती. कबर दिसली तर गिऱ्हाईक पळेल, असं बिल्डरचा माणूस म्हणाला होता, म्हणून मी थडग्यापुढे बांबूची दुहेरी रांग लावली आणि नकाशावर 'ग्रीन बफर' असं लिहिलं. वर चारबागेतल्या घुमटीची मापं मात्र त्याच घुमटावरून घेतली. त्या दिवशी घरी येऊन मी अगदी व्यवस्थित जेवले होते, हे आता जास्त टोचतं.

हे सगळं मी सभेत सांगून टाकलं. लगेच सगळी बैठक उठून मागे निघाली, आई सर्वांत पुढे.

बांबूंमधून वाट काढून आत गेलो. घुमटाचा चुना गळून गेला होता, आणि शेजारी भलामोठा कडुनिंब होता. त्याच्या सावलीत सोसायटीत साफसफाई करणाऱ्या बायका चटई टाकून डबे खात होत्या. जागेचा शोध त्यांना केव्हाच लागला होता. एकीने सरकून जागा केली, "बैठो, अम्माजी." आई बसली आणि माझ्याकडे वर बघत म्हणाली, "इथं हवा येते बघ."

महिन्याभरात बांबू तोडले गेले. पाठीचे दोन बाक आले. इस्टेट एजंट मागच्या टॉवरचे फ्लॅट 'हेरिटेज व्ह्यू' म्हणून दाखवू लागले. आणि एके दिवशी कमिटीने पाटी लावली: 'हेरिटेज झोन, केवल निवासियों के लिए.' बायकांना डबे खायला बेसमेंटमध्ये पाठवण्यात आलं.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू पाटीही मीच आखली होती. एका अर्थी ते खरंच होतं. त्या बायका तिथे आहेत हे माझ्यामुळेच तर उघड झालं. तिसऱ्या दिवशी तिने दुसरा अर्ज लिहिला. या वेळी मजकूर कडक होता, आणि खाली मीही सही केली. चार बैठका झाल्या. अखेर पाटीवर एक ओळ वाढली: कर्मचाऱ्यांना दुपारी एक ते दोन.

मला हा पराभव वाटला. आईला वाटलं नाही. "सरकारात एवढ्याला पाच वर्षं लागली असती," ती म्हणाली.

हल्ली ती मुद्दाम एक वाजताच डबा घेऊन खाली जाते. तिची आमटी गोड असते, असं तिथल्या बायकांनी तिला तोंडावर सांगितलं आहे. ती गूळ घालायची थांबलेली नाही.