तांबे बाईंचे बंद कॉम्प्युटर

सुकटीचा पुडा सोडता सोडता बायको म्हणाली, "अहो, ह्या तुमच्या तांबे बाई ना?" मी चष्मा शोधत आत गेलो. पुड्याचा कागद आपल्याच रत्नागिरीच्या पेपरचा, चार दिवसांपूर्वीचा. निधनवार्तांच्या रकान्यात अंगठ्याएवढा फोटो, खाली दोन ओळी... निवृत्त शिक्षिका, दीर्घ आजार, पश्चात पती, मुलगी. मी तो कागद झटकला, घडी घातली आणि खिशात ठेवला. दिवसभर शर्टाला सुकटीचा वास येत होता, पण शर्ट बदलावासा वाटला नाही. बायकोचं ते 'तुमच्या' तेवढं मनात सलत राहिलं. कारण तांबे बाईंना माझ्या म्हणण्याचा मला काडीचाही हक्क नव्हता. का नव्हता, ते आज या अंकात सांगून टाकतो. आजवर खूप वेळ मारून नेली.

अठ्ठ्याण्णव साल असेल. खाडीपलीकडच्या एका गावाला लागून आमची कंपनी नवी शेड उभारणार होती आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता. कंपनीत माझं काम म्हणजे गावाशी गोड बोलणं. हुद्द्याचं नाव मोठं होतं, काम एवढंच. ग्रामसभेत पुरुष मंडळींनी मागण्या सांगितल्या, देवळापुढे पत्रे, क्रिकेटचं सामान, स्मशानाकडे दिवा. मी सगळ्याला मान डोलावत होतो. तेवढ्यात मागच्या ओळीतून एक ठेंगणी, काळीसावळी बाई पदर खोचत उभी राहिली. बौद्धवाडीतल्या तांबे बाई, गावच्या शाळेत शिकवायच्या. म्हणाल्या, "साहेब, आमची मुलं दहावी झाली की मुंबईला जातात नि हॉटेलात कपबश्या विसळतात. आता सगळीकडे कॉम्प्युटर येतायत म्हणे. तो काय असतो ते मुंबईला जायच्या आधी मुलांना कळू दे. शाळेला कॉम्प्युटर द्या." कोणीतरी हसलं. "आधी शाळेला पत्रे घाल गो बाय!" बाई हसल्या नाहीत. मी उठून दणक्यात सांगितलं, "दिले! कंपनीचा शब्द आहे." टाळ्या पडल्या, ठरावावर अंगठे आणि सह्या झाल्या. गावाने आपला वाटा तिथल्या तिथे दिला होता.

आमच्या वाट्याचं घोडं मात्र पेंड खात बसलं. शेवटी हेड ऑफिसने कळवलं, ऑफिसात नवीन मशीन येतायत, जुनी देऊन टाका. फक्त एक नियम होता. ऑफिसबाहेर जाणाऱ्या मशीनमधून हार्ड डिस्क काढून घ्यायची, कंपनीची माहिती बाहेर जायला नको. हार्ड डिस्क म्हणजे कॉम्प्युटरची स्मरणशक्ती, ती काढली की उरतो नुसता डबा. नव्या डिस्क मागवायचा कागद मी वर पाठवला, तो वरच राहिला. आणि इकडे मुंबईहून मोठे साहेब यायची तारीख ठरली... मग मी शेण खाल्लं. दुसरा शब्दच नाही त्याला. रिकामी मशीन शाळेत मांडली आणि मधोमध माझ्या टेबलावरचा चालता कॉम्प्युटर नेऊन ठेवला. हार, हळदकुंकू, नारळ. साहेबांनी बटण दाबलं, पडद्यावर शाळेचं नाव रंगीत अक्षरांत झळकलं आणि मुलं "हो!" करून ओरडली. संध्याकाळी तो कॉम्प्युटर जीपमध्ये घालून परत आणला नि त्याच्या जागी आणखी एक डबा ठेवला. डिस्क आल्या की बसवू, असं मी स्वतःला बजावलं. माणूस स्वतःला किती सहज फसवतो, बघा.

आठवड्यातच बाईंचं पत्र आलं. वळणदार अक्षर. 'मशीन सुरू होत नाहीत. बहुधा आमच्याकडून काही चूक होत असावी. कृपया जाणकार माणूस पाठवावा.' माणूस पाठवला असता तर बिंग फुटलं असतं. म्हणून मी कंपनीच्या कागदावर उत्तर टाइप करून पाठवलं. गावातली वीज कमी-जास्त होते, शिवाय मुलांच्या धुळीच्या, घामट हातांनी नाजूक यंत्रं बिघडतात, तरी काळजी घ्यावी. ती ओळ लिहिताना मी चहा पीत होतो, एवढं मला लख्ख आठवतं. ते पत्र मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर सगळ्या मुलांपुढे वाचून दाखवलं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

कंपनीच्या वर्षाच्या अहवालासाठी फोटो हवा होता, म्हणून एकदा शाळेत जावं लागलं. जांभ्याची ती खोली नीट सारवलेली, खिडकीला पडदा. बाहेर नळापाशी रांग लावून मुलं साबणाने हात धूत होती, फडक्याला पुसून उलटेसुलटे करून बाईंना दाखवत होती. मग दोघं-दोघं एका मशीनपुढे बसली. पडदे काळे ठिक्कर. आणि बाई सांगत होत्या, "डावी करंगळी ए वर... एस, डी, एफ... खाली बघायचं नाही." त्या मेलेल्या कीबोर्डांवर मुलांची बोटं टकटक चालली होती. एक मुलगी थांबली. "बाई, माझं चुकलं." मी विचारलं, "पडद्यावर तर काही दिसत नाही गं, तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "बोटाला कळलं." बाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे, वाट बघितल्यासारख्या. जनाची नाही तर निदान मनाची तरी वाटायला हवी होती मला. मी फोटोग्राफरला म्हटलं, मशीनच्या मागच्या बाजूने घे, मुलांचे चेहरे छान येतील. म्हणजे काळे पडदे दिसणार नाहीत. तो फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर छापला. मला बढती मिळाली. डिस्क कधीच आल्या नाहीत, मीही पुन्हा मागितल्या नाहीत. बाईंची आणखी पत्रं आली, सगळ्यांत तेच, 'आमची काही चूक होत असावी.' ती मी फायलीला लावत गेलो.

पुढे गावच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाने वर्गणी काढून शाळेला दोन चालते कॉम्प्युटर दिले, सोबत शिकवायला गावचाच एक मुलगा. ते चालले. चाकरमान्यांना जे जमलं ते आमच्या एवढ्या मोठ्या कंपनीला जमलं नाही, कारण आम्हाला मशीन द्यायची होती, मुलांनी काही शिकायलाच हवं असं आमचं कुठे होतं! शब्द दिला होता आम्ही, पण वागलो दान दिल्यासारखे. आणि तेही खोटं दान.

शेवटची भेट या वर्षी, होळीच्या आसपास, एसटी स्टँडवर. बाई फार वाळल्या होत्या, डोक्याला रुमाल. "साहेब, एकदा शाळेत या ना. वाईच काम होतं तुमच्याशी." मी "येतो, येतो, नक्की येतो" म्हणत रिक्षात बसलो. रिक्षा वळली तेव्हाही त्या तिथेच उभ्या होत्या... गेलो नाही.

गेलो तो शाळेतल्या शोकसभेला. तेव्हाची कितीतरी मुलं मुंबईहून आली होती, बायका-पोरांसकट. मनाशी ठरवून गेलो होतो की आज बोलायचंच. पण आताच्या मुख्याध्यापकांनी "ज्यांच्या औदार्यामुळे या गावात पहिल्यांदा कॉम्प्युटर आला" अशी ओळख करून दिली आणि माझी जीभ सरळ सवयीच्या वाटेला लागली. बाईंची तळमळ, कंपनीची बांधिलकी वगैरे वगैरे. खरं काही न सांगताच मी खाली बसलो.

सभेनंतर बाईंचे यजमान मला घरी घेऊन गेले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आता निवृत्त. चहा पुढे ठेवून म्हणाले, "साहेब, पहिल्याच आठवड्यात डबा मी उघडला होता. चार स्क्रूची भोकं नि मधी रिकामी जागा. काढून नेलेला पार्ट मेकॅनिकला कळतो ओ."

मी कप खाली ठेवला. "मग बाईंना..."

"तिला ठावं होतं. मी म्हटलं, सरळ लिही, आतलं का काढलंत म्हणून. तर म्हणाली, नको. गावात कळलं तर कंपनी परत शाळेत पाय ठेवायची नाय. आणि साहेबांना स्वतःहून सांगायला जागा राहू दे. म्हणून 'आमची चूक' असं लिहायची."

"चुकलंच माझं," मी म्हणालो. "डिस्क मीच काढायला लावल्या. मला सगळं माहीत होतं."

"मला सांगून काय उपयोग?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "शेवटी शेवटी तिला एकच गोष्ट खात होती. साहेबांना सांभाळता सांभाळता मी पोरांवर आळ राहू दिला, म्हणायची. तुमचं ते पत्र प्रार्थनेला वाचलेलं, पोरांच्या डोक्यातनं गेलंच नाय. म्हणून स्टँडवर तुम्हाला शाळेत बोलवत होती. तेव्हाची पोरं शिमग्याला गावी आलेली, त्यांच्यासमोर तुम्ही तेवढं सांगायला हवं होतं, बस. आमची मुलगी बँकेत आहे, साहेब. अजून कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी ओढणीला हात पुसते. ती एकटी नाय, तेव्हाची सगळीच पुसतात. मुंबईतल्या एसी ऑफिसात बसून पुसतात."

चहावर साय धरली होती. मी तसाच उठलो.

तेव्हाची ती मुलं आता जिथे कुठे असतील तिथे त्यांना हा अंक मिळो. मिळाला नाही तर कोणीतरी त्यांना फोन करून वाचून दाखवा. बाळांनो, तुमच्या हातांनी काहीही बिघडलं नव्हतं. मशीन आली तेव्हाच आतून रिकामी होती आणि ते मला ठाऊक होतं. तुमचे हात स्वच्छ होते.