शेगडीची बटणं

माझ्या सासूबाई गेल्या त्याला दीड महिना होत आला. त्यांचं शेवटचं वर्ष माझ्या एका खोट्या उत्तरामुळे रिकामं गेलं, हे आधीच सांगून टाकतो.

त्या चीनमधल्या एका खेड्यातल्या. माझी बायको मेई त्यांची एकुलती एक लेक. मी त्यांना आईच म्हणायचो. इथे परदेशात, क्वेकर्स हिल या उपनगरातल्या आमच्या घरातलं स्वयंपाकघर त्यांचं. मी शिफ्टवरून आलो की, "नितीन, यू ईट?" हो म्हटलं तरी वाफाळते डंपलिंग पुढ्यात यायचे. "सो थिन! मेई नो फीड यू?" हा टोमणा लेकीला.

लॉकडाऊनमध्ये त्या एक-दोनदा गॅस बंद करायला विसरल्या. मेई नर्स, ड्युटीवर. म्हणून व्हिडिओवरच्या स्मृतीच्या तपासणीला त्यांच्याशेजारी मी बसलो. फोनवर दुभाषी बाई होत्या. डॉक्टरांनी मला विचारलं, यांची शाळा किती झाली? आई शाळेत कधीच गेल्या नव्हत्या. पण चारचौघांत आपल्या माणसाचं कमीपण सांगायचं नाही, हे आमच्या घरचं वळण. माझ्या न शिकलेल्या आत्यालाही आम्ही पाहुण्यांपुढे सातवी पास करायचो. मी म्हणालो, "हायस्कूल."

मग घड्याळ काढायला सांगितलं. जेवायच्या काड्यांनी शेंगदाणा सहज उचलणारा तो हात पेन्सिलीपुढे अडला. त्यांनी हसून पेन्सिल माझ्याकडे सरकवली, "यू डू." शेवटी डॉक्टर म्हणाले, "वय लक्षात घेतलं तरी एवढ्या शिक्षणाला हे गुण फार कमी आहेत." शिक्षण बघून गुण तोलतात, हे मला तेव्हा कळलं. तोंड उघडायला हवं होतं... पण खोटारडा ठरलो असतो. गप्प बसलो.

डिमेन्शियाचं निदान झालं. मेईने शेगडीची बटणं काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. आई शेगडीसमोर खुर्ची टाकून बसून राहायच्या. "यू ईट?" विचारणं हळूहळू थांबलं. विचारून वाढणार काय? एका पहाटे झोपेतच त्या गेल्या. आजार खरंच होता का, मला माहीत नाही. ते कळायची वाटच मी बंद केली होती.

परवा मेई तो ड्रॉवर उघडून उभी होती. "आई तर आधीच हरवली होती ना, नितीन? टेस्टमध्येच दिसलं होतं." एवढाच तिचा आधार होता... तो मी काढून घेतला. "नाही मेई. तिची शाळा मी खोटी सांगितली. चूक तिथेच कळली होती, तरी बोललो नाही. सॉरी."

मग एकेक बटण तिने शेगडीला बसवलं आणि आईंच्या खुर्चीकडे बोट केलं.

"टेल हर."

मी खुर्चीसमोर उभा राहिलो. "आई, चुकलो. तुम्ही शाळेत गेला नव्हता, एवढंच सांगायचं होतं."