धक्क्यावरची म्हातारी

आमची अलास्काची क्रूझ नॉर्वेहून आलेल्या कोळ्यांनी वसवलेल्या एका छोट्या बंदरात दुपारपुरती थांबली. धक्क्यावर बसलेली एक म्हातारी उतरणाऱ्या प्रत्येकाला नॉर्वेजियनमध्ये काहीतरी विचारायची आणि उत्तराची वाट पाहायची. दोन हजार प्रवाशांपैकी कुणी उत्तर दिलेलं मी पाहिलं नाही. लोक फोटो काढून पुढे जात.

मी थांबलो, तेव्हा ती इंग्रजीत म्हणाली, "गावात ही भाषा बोलणारी मीच उरलेय. जहाजातून कुणी येईल म्हणून बसते."

मागून माझी मुलगी ओरडली, "बाबा, कम ऑन, वी आर लेट!"

"आलो गं, थांब जरा," मी मराठीत ओरडलो.

"ही तुमची भाषा?" म्हातारीनं विचारलं. "मुलगी बोलते?"

"बोलत नाही. पण समजतं तिला सगळं."

तिनं माझा हात थोपटला. "माझ्या मुलांनाही सगळं समजायचं."