अठ्ठावीस दिवसांचा महिनदार

आप्पांना फोन लावला तर उचलला नानांनी.

"कोन? पोरगी का? थांब." मग फोन तोंडापासून लांब धरून ओरडले, "ए, त्या महिनदारले बलावा रे! तेनी मेमसाहेबना फोन शे."

आप्पा म्हणजे माझे वडील. महिनदार म्हणजे महिन्याच्या बोलीवर ठेवलेला गडी. वर्षभर बांधलेला तो सालदार, महिनाभर बांधलेला तो महिनदार. माझा आजा या नानांच्या बापाकडे सालदार होता. आप्पा कधीच कुणाचे गडी नव्हते. नरडाण्याच्या गॅरेजात तीस वर्षं ट्रॅक्टर उघडले आणि जोडले त्यांनी. मी जळगावला, मेहरूणच्या खोलीत, हातात फोन घेऊन उभी. वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

आप्पा फोनवर आले. "काय नई वं माय. नाना मस्करी करतस. जेवनी का?"

आणि फोन ठेवला.

माझ्या बापाचा फोन नानांच्या हातात कसा, ते आधी सांगते.

मला इंग्लंडातल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. फी माफ. घरात पेढे वाटले, विहारात नाव घेतलं. मग व्हिसाचा नियम कळला. नऊ महिन्यांचं राहणं-खाणं परवडेल एवढा पैसा बँकेत दाखवा. बारा-तेरा लाख. तोही सलग अठ्ठावीस दिवस. मध्ये एक दिवस जरी कमी झाला तरी गिनती पुन्हा पहिल्यापासून.

तिथे गेलेल्या मुलींना विचारून विचारून मी त्या शहराचा बाजारभाव पाठ केला होता. एका खोलीत दोघी, स्वयंपाकघर सहा जणींत एक. बसचा पास. थंडीचा कोट. हीटर लावला तर त्याचं बिल वेगळं. तिथल्या कोथिंबिरीच्या मूठभर जुडीच्या पैशात मेहरूणला माझा एका वेळचा डबा येतो. तिथे अर्ध्या पोटी राहीन, हॉटेलात भांडी घाशीन, एकवेळ निभेल. पण दाखवायला आधी कुठून आणायचे? बँकेने तारण मागितलं. आमचं दोन खोल्यांचं घर, उताऱ्यावर अजून मेलेल्या आज्याचं नाव. साहेबाने कागद न वाचताच परत सरकवला.

मग राहिला तो एकच रस्ता. कुणातरी पैसेवाल्याने रक्कम बापाच्या खात्यात टाकायची, अठ्ठावीस दिवस ठेवायची, बँकेचा कागद निघाला की काढून घ्यायची. 'दाखवायचा पैसा' म्हणतात त्याला. खोटंच आहे ते. मला माहीत होतं. सगळेच करतात म्हणून मीही गिळलं.

नाना आमच्या गावचे कापसाचे जिनिंगवाले. त्यांचा नातू त्याच देशात शिकून आलेला. एका शब्दात हो म्हणाले. "व्याज नको माले. गावनी पोर शे." मी त्यांच्या पाया पडले. त्या वाकण्याची आज मला किळस येते. आणि हो, अजून अहो-जाहो करते आहे ती सवय म्हणून. आदर वगैरे काही नाही.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने नरडाण्याला उतरले, तिथून रिक्षाने गाव. घरी गेलेच नाही. सरळ नानांच्या बंगल्यावर. तो एकोणिसावा दिवस होता.

गेटच्या आत, भिंतीला लागून, गोणपाटावर आप्पा बसले होते. मला पाहिलं आणि मान खाली घातली. आईला सांगून ठेवलं होतं की गॅरेजात जास्तीचं काम निघालंय.

नाना ओट्यावर झोक्यात. "आय वं, आय. खुर्ची घे."

मी म्हटलं, "आप्पा इथे का बसलेत?"

"पैसा मना, खातं तुना बापनं. मंग बाप कोनाकडे ऱ्हाई?" आणि हसले. "बँक तारन मांगस ना? मी बी मांगं."

पहिल्या दिवशी फोन घेतला होता, त्यावर बँकेचा ओटीपी येतो म्हणून. मी एरवी आईच्याच फोनवर बोलायचे, म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं. मग पासबुक आणि एटीएम कार्ड. मग माणूसच. सकाळी यायचं, दिवेलागणीला जायचं. काम काही जड नाही, नाना म्हणाले. गेट उघडायचं. म्हशींना पाणी दाखवायचं. आल्यागेल्याच्या चपला सरळ लावायच्या. भाकरी घरून बांधून आणायची. चहा मिळायचा, पण कपात नाही. खिडकीच्या कोपऱ्यात एक स्टीलचा पेला उपडा ठेवलेला होता, तो आप्पांचा. तो का वेगळा, हे नानांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्यात ते विचारावं लागत नाही.

आणि मी काय केलं? खुर्चीत बसले. हो, बसले! बाप खाली आणि मी खुर्चीत. डोक्यात एकच हिशेब: नऊ दिवस राहिलेत. नऊ दिवस गप्प बसलं की कागद हातात. आज तोंड उघडलं तर नाना पैसा काढतील, गिनती मोडेल, प्रवेशाची मुदत जाईल, दोन वर्षांची धडपड मातीत. आप्पाही डोळ्यांनी तेच सांगत होते. बोलू नको. नऊच दिवस.

मी बोललेही नसते. आज खरं सांगते, नसतेच बोलले.

पण नाना खोकले.

नुसते खोकले. काही मागितलं नाही, कुणाला हाक मारली नाही. आणि आप्पा उठले. गुडघ्यावर हात देऊन, घाईघाईने, पाण्याचा तांब्या घेऊन ओट्याच्या पायरीशी येऊन उभे राहिले. वर चढले नाहीत. खालूनच हात लांब केला.

हा माणूस गॅरेजात तहसीलदाराची जीप आली तरी म्हणायचा, "थांबा साहेब, नट घट्ट करू द्या." त्याच माणसाच्या अंगाला एकोणीस दिवसांत वळण लागलं. खोकला ऐकला की उठायचं. आजा आयुष्यभर राबून जे शिकला, ते माझ्यासाठी माझा बाप म्हातारपणी शिकला. माझ्या पदवीसाठी! माझ्या कोटासाठी, खोलीसाठी, हीटरसाठी!

मी आप्पांच्या हातातून तांब्या घेतला आणि खाली ठेवला.

"नाना, बँकेत चला. तुमचा पैसा आजच्या आज घ्या."

नानांना आधी कळलंच नाही. मग झोका थांबला. "डोकं फिरनं का तुनं? नऊ दिन ऱ्हायनात."

"तुमचे राहिले असतील. आमचे संपले."

आप्पा मध्ये आले, हात जोडले. नानांना नाही, मला. "बस ना माय. तू बोलू नको. मी नऊ वरीस बससू."

"तुम्ही बसाल हो. मला नाही बघायचं."

बँकेत दहा मिनिटांत काम झालं. रक्कम गेली. फोन परत मिळाला, आप्पांनी तो शर्टाला पुसून खिशात टाकला. नाना पायऱ्या उतरताना म्हणाले, "आते जाय इलायतले." आणि गाडीत बसले.

वाटलं होतं आप्पा रडतील, नाहीतर पाठीवर हात ठेवतील. तसलं काही झालं नाही. फाट्यावर उभे असताना ते माझ्यावर उखडले. "मी मना मनघाई बशेल व्हतू. तू कोन माले उठाडनारी?" स्वतःच्या मनाने बसले होते, म्हणे. मी कोण त्यांना उठवणारी. त्यानंतर दोन महिने ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. आई अजून म्हणते, नऊ दिवस गिळले असतेस तर पोरी, आयुष्य झालं असतं. तिचं चुकत नाही. प्रवेश गेला. विद्यापीठाला मी सगळं खरं लिहिलं. उत्तर आलं, सभ्य भाषेत, चार ओळींचं: पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करा.

मी केलाय अर्ज. माती तपासायच्या प्रयोगशाळेत दिवसा नोकरी, संध्याकाळी शिकवण्या. सरकारी शिष्यवृत्तीच्या दारातही उभी आहे, आणि तिथे हात जोडून नाही, कायद्याचा कागद घेऊन उभी आहे. ती भीक नाही, माझा हक्क आहे. दाखवायच्या पैशाची चौकशी करायला पोरं-पोरी खोलीवर येतात. त्यांना मी नानांचं नाव घेऊन सगळं सांगते. गावात त्यावरून आमच्याशी बोलणं बंद झालंय. होऊ दे.

व्हिसाच्या अर्जात एक रकाना असतो: हा पैसा कोणाचा? मागच्या वेळी तिथे मी खोटं लिहिणार होते. आता तिथे खरं लिहिता येईल तेव्हाच सही करीन. एक वर्ष लागो, पाच लागोत. तोवर ते शहर थांबलं तर थांबलं, नाहीतर गेलं खड्ड्यात.