दिंद्रुडचा सवाल

माघ सरत आला की आमच्या बीडच्या शिवारात वाळत्या ज्वारीचा गोडसर, धुळकट गंध पसरे आणि कणसांनी लादलेल्या गाड्यांची कुरकुर पहाटेपासून कानी पडे. त्या दिवसांत गाडी म्हणजे कुणब्याचे हातपायच. आजही तो गंध आठवला की माझे मन आधी धास्तावते आणि मग हळूहळू निवते. कारण त्याच ऋतूत माझ्या थोरल्या भावाने निजामाच्या एका मंत्र्याला भरसभेत जाब विचारला होता.

आम्ही त्यांना आण्णा म्हणत असू. बीडच्या अदालतीत ते वकिली करीत आणि राज्यातल्या वकिलांनी त्यांना हैदराबादच्या कायदेकौन्सिलात सभासद म्हणून धाडले होते. मी सरकारी शाळेत फारसी भाषा शिकवीत असे. कौन्सिलात बहुतेक सारे अंमलदारच. बाहेरचे सभासद बोटांवर मोजावेत इतके. मंत्र्यांना प्रश्न विचारण्याची त्यांना मुभा होती. पण मुभा असणे आणि ती कुणी वापरणे यांत केवढे अंतर असते!

त्या साली माजलगावकडच्या दिंद्रुड गावी अंमलदारांच्या दौऱ्याचा मुक्काम पडला. तंबू वाहायला शिपायांनी गावातल्या गाड्या वेठीला धरल्या. सोपान नावाच्या तरुण कुणब्याने त्याच सकाळी आपल्या गाडीत गोधड्या अंथरल्या होत्या. त्याची बायको रुक्मिण बाळंतपणात अडली होती, सुईणीने हात टेकले होते, तिला माजलगावच्या दवाखान्यात न्यायचे होते. शिपायांनी गोधड्या खाली फेकल्या आणि गाडीत तंबू भरले. सोपानने जू सोडले आणि बैल रानात हाकलून दिले. सरकारी कामात अडथळा आणला म्हणून त्याला कोठडीत घातले. रुक्मिणला भावकीतल्या माणसांनी बाजेवर निजवून, खांदे बदलत बदलत माजलगावला नेले. दैव बलवत्तर म्हणून ती सुटली. मुलगी झाली, दोघी वाचल्या. बाप मात्र गजाआडच राहिला.

रुक्मिणच्या वडिलांनी ही हकिकत आण्णांच्या कानी घातली. आण्णांनी तालुक्याला अर्ज केला, जिल्ह्याला केला. कुणी दाद घेतली नाही. तेव्हा त्यांनी हा प्रश्न कौन्सिलात न्यायचे ठरवले. अदालतीतल्या स्नेह्यांनी परोपरीने समजावले, की मंत्र्याला अडचणीत आणणाऱ्या वकिलाची सनद कधीही जाते आणि सनद गेली की घर बसते. वहिनींनी ते सारे आतून ऐकले होते. उठून त्यांनी प्रवासाची शिदोरी बांधायला घेतली.

सोबतीला मी निघालो. जालन्यापर्यंत टांगा, पुढे आगगाडी. सभागृहात मागच्या बाकावर बसण्याची परवानगी मला मिळाली. तिथले गालिचे इतके जाड, की माणसाच्या पावलांचा आवाजही उमटू नये! गाड्या वेठीला धरण्याबद्दलचा आण्णांचा प्रश्न वाचला गेला. महसूलमंत्री वयस्क, मृदुभाषी गृहस्थ होते. त्यांनी नितळ उर्दूत उत्तर दिले, की गाड्या राजीखुशीने घेतल्या जातात, त्यांचे भाडे दिले जाते आणि खात्याकडे एकाही गाडीवाल्याची तक्रार आलेली नाही. माना डोलल्या. कामकाज पुढे सरकणार, तोच आण्णा पुन्हा उठले. त्यांच्या उर्दूला बीडच्या मातीचा वास होता.

"हुजूर, तक्रार करणारा कोठडीत आहे," ते म्हणाले. "तो बाहेर आला की तक्रार येईल. त्याला बाहेर कोण काढणार, एवढेच मी विचारतो."

दुसऱ्यांदा विचारण्याची रीत नाही, असे अध्यक्षांनी बजावले. मंत्र्यांनी मात्र गावाचे नाव विचारले आणि चौकशी करतो म्हणून सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्र्यांचा चपराशी आण्णांना बोलवायला आला. आता सनद गेली, असेच मी धरून चाललो. बंगल्याच्या फाटकाबाहेर एका लिंबाखाली उभा राहून मी वहिनींना काय सांगायचे याची मनाशी जुळवाजुळव करीत होतो. भय माणसाला किती लवकर शहाणे करते, आणि किती लहानही!

आण्णा बाहेर आले. आधी त्यांनी पागोटे काढून कपाळ पुसले, मग सांगितले. रात्रीच तार गेली होती. सोपानला सोडण्याचा हुकूम झाला होता. सुगीच्या दिवसांत मालकाच्या मर्जीवाचून गाडी घेऊ नये, असे फर्मानही निघणार होते. सनदेचे नावही निघाले नाही. निरोप देताना मंत्री म्हणाले होते, "वकीलसाहेब, हेच इथे येऊन माझ्या कानात सांगितले असते, तर मी विसरलो असतो. सभेत विचारलेत, म्हणून बांधला गेलो."

मी तिथेच लिंबाच्या पारावर बसलो. छातीवरचे ओझे उतरते तेव्हा आनंद होत नाही, आधी नुसती झोप येते, हे मला तेव्हा कळले.

पुढे ते फर्मान काही गावांत पाळले गेले, काही गावांत नाही. एका प्रश्नाने राज्य पालटत नसते. पण पाडव्याच्या सुमारास सोपान आणि रुक्मिण लेकीला घेऊन बीडला आले. वहिनींनी पोरीला मांडीवर घेतले. मग सोपानने विचारले, "वकीलसाब, तुमी समद्यांसमोर इचारलं, मंग मंत्र्यानं काय केलं?"

"उत्तर दिलं," आण्णा म्हणाले.

"उत्तर देतेत व्हय ते?" त्याला तुरुंगातून सुटल्याचेही इतके नवल वाटले नसावे.

रुक्मिण आतापर्यंत पदर सावरून दाराशी बसली होती. ती हळूच म्हणाली, "मंग पुढच्या बारीला दवाखान्याचं इचारा. माजलगाव लई लांब पडतं."

मला हसू आले. आण्णा हसले नाहीत. कौन्सिलात उभे राहिले होते तसेच ताठ बसून ते म्हणाले, "विचारतो."