साकेत हुद्दारचा उजवा हात

साकेत हुद्दार स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात जन्मला आणि डंडीतच वाढला. त्याच्या उजव्या हातात काय आहे ते घरच्यांना पहिल्यांदा कळलं, ते एका मुलाचं डोकं फुटल्यावर. शाळेजवळच्या चिप शॉपपाशी तीन पोरं त्याला गाठायची. आधी दप्तर चिखलात, मग पोटात बुक्क्या, मग त्याच्या रंगावरून आणि आईच्या साडीवरून काहीबाही. एके दिवशी मारून झाल्यावर ती पोरं हसत रस्त्याच्या पार टोकाला पोहोचली होती. साकेतने फुटक्या फरशीचा तुकडा उचलला आणि भिरकावला. मधला पोरगा कानामागे हात धरून मटकन खाली बसला. त्याच्या बोटांच्या फटींतून रक्त वाहू लागलं.

साकेतचे वडील मोहन हुद्दार नागपूरहून तागाच्या गिरणीत इंजिनिअर म्हणून आले होते. गिरण्या बंद पडत चालल्या होत्या, ते मात्र टिकून होते. शाळेने बोलावलं तेव्हा त्यांनी मान खाली घालून माफी मागितली आणि घरी येऊन पोराला सडकून काढलं. मारून हात दुखला तेव्हा त्यांनी विचारलं, किती लांबून मारलास? साकेतने हुंदके देत सांगितलं. मोहनरावांनी मनातल्या मनात ते अंतर मोजलं.

शनिवारी ते त्याला क्रिकेट क्लबवर घेऊन गेले. "राग आला की हात चालतो ना तुझा?" ते म्हणाले. "मग तो बावीस यार्डांत चालव. तिथे कोणी शाळेतून काढत नाही."

साकेतने तो तिथेच चालवला. टे नदीवरून गार वारा अंगात घुसायचा, खेळपट्टी दमट, हात बधिर, तरी तो धावत यायचा आणि चेंडू आपटायचा. वयात आल्यावर त्याचा वेग एवढा वाढला, की समोरच्या क्लबचे खालच्या फळीतले खेळाडू त्याचं नाव ऐकून पाय मुरगळल्याची सबब सांगायचे. २००४ साली त्याला स्कॉटलंडच्या संघात घेतलं. क्रिकेटच्या जगात हा संघ तेव्हा नवखाच. कॅनडा, नामिबिया, केनिया अशांशी झुंजायचं आणि एखाद्या वर्षी मोठ्या देशाचा मार खायला उभं राहायचं. संघात कोणी मास्तर, कोणी प्लंबर, कोणी बँकेत. साकेत तुरुंगात नोकरीला होता, शहराबाहेरच्या जुन्या दगडी तुरुंगात ऑफिसर. देशासाठी खेळायचं तर सहकाऱ्यांशी शिफ्ट बदलून घ्यावी लागे. सकाळी कोठडीत एकमेकांना चावणाऱ्या दोन माणसांना सोडवायचं आणि दुपारी स्कॉटलंडचा स्वेटर घालून विमानतळ गाठायचा.

त्याची बायको मालविका पुण्याची. एडिनबराच्या एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायची. पहिल्यांदा त्याची मॅच बघायला आली तेव्हा साकेतच्या चेंडूने पाहुण्या संघाच्या सलामीवीराची बरगडी मोडली. लोक टाळ्या वाजवत होते. घरी येताना गाडीत ती म्हणाली, की तो माणूस विव्हळत होता तेव्हा तू हसत होतास. साकेतने ते मान्य केलं नाही.

२००६ च्या मे महिन्यात डंडीत लीगची मॅच होती. समोर नदीपलीकडच्या फाइफचा क्लब, आणि त्यांचा सलामीवीर कॅलम रेनी. कॅलम स्कॉटलंडच्या संघातला साकेतचा जोडीदार. दौऱ्यावर दोघं एका खोलीत झोपायचे. कॅलमच्या घरच्या मटन-पाईची चव साकेतला माहीत होती. त्या दुपारी कॅलमने त्याला लागोपाठ दोन चौकार मारले आणि खेळपट्टीच्या मध्यावर येऊन डोळा मारत विचारलं, रात्रपाळी झाली का रे?

पुढचा चेंडू साकेतने सगळी ताकद लावून आखूड टाकला. तो हातातून सुटतानाच त्याला कळलं की हा लागणार. आणि त्याला बरं वाटलं.

चेंडू उसळला आणि हेल्मेटचं छत आणि जाळी यांच्यामधल्या फटीत घुसला. अंडं फुटावं तसा आवाज आला. कॅलम गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर पडला आणि टाचा घासू लागला. साकेत धावत पोहोचला तेव्हा जाळीतून रक्त गळत होतं, आणि डावा डोळा जिथे असायला हवा तिथे बघवत नव्हतं.

अँब्युलन्समध्ये कॅलमची आई बसून गेली. थोरला भाऊ डंकन मागे राहिला. तो मासळीच्या गोदामात पेट्या उचलायचा. मारामारीबद्दल पूर्वी एकदा पकडलाही गेला होता. साकेत कपडे न बदलता हॉस्पिटलला निघाला. गाडीचं दार उघडून त्याने चौकटीवर हात ठेवला, तोच डंकन समोर आला. त्याच्या हातात मैदानातून उपटलेला स्टंप होता. त्याने स्टंप साकेतच्या उजव्या हातावर घातला. साकेतने हात ओढला, स्टंप पुन्हा मनगटावर बसला. हाड मोडल्याचं साकेतला ऐकू आलं.

पुढचं त्याने डाव्या हाताने आणि गुडघ्याने केलं. माणसाला खाली कसं पाडायचं, पालथं कसं दाबायचं, हे त्याला नोकरीने शिकवलं होतं. डंकन डांबरावर पालथा पडला, नाक फुटलं, हात पाठीमागे पिळला गेला. तो पुरता नमला होता, सोड म्हणत होता. साकेतने आणखी एक पीळ दिला आणि खांदा निखळला. शेवटी क्लबच्या चौघांनी त्याला ओढून बाजूला केलं.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, ए अँड ईमध्ये, दोघांना एकाच भिंतीला लागून बसवलं होतं, मध्ये एक पोलीस. वर कॅलमचं ऑपरेशन चालू होतं. मिसेस रेनी जिना उतरून खाली आल्या. डोळा गेला, त्या म्हणाल्या. मग साकेतपाशी येऊन त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. वळल्या आणि डंकनच्याही मारली, तितक्याच जोरात. पोलीस उठेपर्यंत त्या जमिनीवर बसल्या होत्या.

मोहनराव आले तेव्हा साकेत म्हणाला, "बाबा, माझी हात तुटली." त्याच्या मराठीत हात लहानपणापासून अशीच चुकीची होती आणि मोहनराव दर वेळी ती दुरुस्त करायचे. त्या दिवशी त्यांनी नुसती त्याच्या केसांतून बोटं फिरवली.

हातात पट्ट्या आणि स्क्रू बसले. डॉक्टरांनी पूर्वीचा वेग येईल असं सांगितलं नाही. पोलिसांना जबाब द्यायचा की नाही यावर साकेत अडला होता, कारण डंकनला शिक्षा झाली तर तो कुठे येईल हे त्याला ठाऊक होतं. मालविका म्हणाली, "कॅलमचा डोळा गेला तो खेळात गेला. तुझा हात त्याने ठरवून तोडला. स्टेटमेंट दे." साकेतने ते दिलं. डंकनला तुरुंगवास झाला. साकेतने केलं ते स्वसंरक्षण ठरलं. शेवटचा पीळ त्यात बसत नव्हता, पण ते फक्त त्या दोघांना माहीत होतं.

डंकन त्याच दगडी तुरुंगात आला. नियमाप्रमाणे साकेतला दुसऱ्या विंगमध्ये हलवलं, शॉवर मात्र दोन्ही विंगना मिळून एकच होते. कैद्यांना सगळं कळलं होतं. त्यांच्यातले काही साकेतला मानायचे, आपला फास्ट बोलर म्हणायचे. एका सकाळी नाश्त्याच्या रांगेत टॅम नावाचा दांडगा कैदी ट्रे घेऊन त्याच्याजवळून गेला आणि ओठ न हलवता म्हणाला, "आज शॉवरमध्ये तुमच्या हाताचं बघतोय आम्ही, मिस्टर हुद्दार. तुम्ही इकडेच थांबा."

साकेत थांबला. टॅमची माणसं कधीच निघाली होती, हे त्याला दिसत होतं. रेडिओ कमरेला होता. टोस्टचा जळका वास येत होता. डांबरावर दाबलेलं डंकनचं तोंड त्याला आठवलं आणि तेच बरं वाटणं पुन्हा पोटातून वर आलं. ते त्याने ओळखलं. त्याने रेडिओवर मदत मागितली आणि धावत सुटला.

शॉवरच्या पांढऱ्या फरशीवर रक्ताची पावलं उमटली होती. तिघांनी डंकनला कोपऱ्यात घेतलं होतं. एकाकडे टूथब्रशमध्ये वितळवून बसवलेलं ब्लेड होतं. डंकनचा गाल कानापासून हनुवटीपर्यंत उघडला होता. मदतीची वाट बघायची असा नियम होता. साकेत आत घुसला. त्याने एकाला भिंतीवर आदळलं, दुसऱ्याची लाथ बरगडीत खाल्ली आणि डंकनच्या अंगावर पडला. ब्लेड त्याच्या पाठीवर फिरलं, शर्ट ओला झाला. डोळ्यांत रक्त गेलेल्या डंकनला वर कोण आहे ते कळत नव्हतं. तो खालून साकेतलाच गुद्दे मारत होता. दारात बूट वाजेपर्यंत साकेतने ते खाल्ले.

डंकनला त्यानंतर दुसऱ्या तुरुंगात हलवलं. टॅमची शिक्षा वाढली. साकेतच्या पाठीला टाके पडले. त्याने घरी मालविकाला सगळं सांगितलं, रांगेत थांबला होता तेसुद्धा. ती रागावली नाही. पण त्या रात्री ती सान्वीला, त्यांच्या मुलीला, कुशीत घेऊन दुसऱ्या खोलीत झोपली.

२००८ मध्ये साकेत स्कॉटलंडकडून पुन्हा खेळला. वेग कमी झाला होता, टप्पा मात्र सुधारला होता. पण फलंदाज पुढे सरसावू लागला की कॅप्टन आखूड टाकायला सांगायचा आणि साकेतच्या हातून तो चेंडू सुटायचाच नाही. मोठ्या संघांना ते लगेच कळलं. ते क्रीजबाहेर उभे राहून त्याला झोडपायचे. मोसमाच्या शेवटी त्याला वगळलं. फोन आला तेव्हा तो ड्युटीवर होता. बरं, म्हणाला आणि पुढचं दार उघडायला गेला.

पुढच्या वसंतात कॅलमचा निरोप आला. त्याला पुन्हा बॅट धरायची होती. क्लबातले सगळे आजाऱ्याला पेज भरवावी तसे चेंडू टाकतात, तू ये, असं त्याचं म्हणणं होतं. मालविका नको म्हणाली. मोहनराव त्याच्याबरोबर गाडीत जाऊन बसले.

क्लबच्या नेटवर कॅलमला शिक्षा भोगून सुटलेल्या डंकननेच आणलं होतं. त्याच्या गालावर जाड पांढुरका व्रण होता. तो नेटच्या मागे खिशात हात घालून उभा राहिला. साकेतने पहिले काही चेंडू पुढे टाकले. कॅलमने बॅट काखेत घातली. "यासाठी बोलावलं नाही तुला," तो म्हणाला. "मला परत खेळता येतं का, ते तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

साकेत मागे गेला. धावत आला आणि आखूड टाकला. डाव्या बाजूने येणारा चेंडू कॅलमला उशिरा दिसला. तो बरगड्यांवर बसला. कॅलम वाकला, खाली टेकला, धापा टाकत राहिला. मोहनरावांनी नेटची जाळी मुठीत धरली होती.

कॅलम उठला, थुंकला, आणि मान बरीच वळवून उजवा डोळा समोर आणून उभा राहिला. पुढच्याला तो खाली बसला. त्याच्या पुढचा त्याने हूक करायला पाहिला. बॅटची वरची कड लागली आणि चेंडू नेटवरून मागे गवतात जाऊन पडला.

डंकन चालत गेला, वाकला आणि चेंडू उचलला. त्याने तो पँटवर पुसला. मग त्याने तो साकेतकडे परत फेकला.