लहान पट्टा

मी सरकारी दवाखान्यांतली यंत्रं तपासतो. यंत्र बरोबर चाललं तर त्यावर 'ठीक' असं स्टिकर लावून सही करतो. चामोर्शीकडच्या एका दवाखान्यात नर्सबाईंनी रक्तदाबाचं मशीन माझ्यापुढे ठेवलं. "भाऊ, हे गरोदर बायांचं बीपी कमी दाखवून राह्यलं."

मी पट्टा माझ्याच दंडाला गुंडाळून पाहिला. आकडा बरोबर आला. "मशीनले काही नाई झालं बाई, तुमचाच हात बसला नाई अजून," असं हसून मी स्टिकर लावलं.

माझा दंड भरलेला आहे. धानाच्या बांधीत राबणाऱ्या बायांच्या बारीक दंडांना तो पट्टा मोठा होता, आणि मोठा पट्टा दाब कमी दाखवतो. हे मी शिकलेलो होतो. पुढच्याच महिन्यात तिथली एक गरोदर बाई वाढलेल्या बीपीनं झटके येऊन दगावली. तिच्या कार्डावर दर वेळचं बीपी व्यवस्थित होतं.

तेव्हापासून माझ्या पिशवीत शिंप्याची टेप असते. लहान पट्टा नसेल, तर मी सही करत नाही.

परवा चंद्रपूरला आमचे साहेब वैतागले. "मशीन चालू आहे ना गा? लहान पट्टा तपासणीच्या यादीतच नाई. सही काऊन अडवतो?"

"यादी चुकली आहे, साहेब. एकदा मीही चुकलो, त्यात एक बाई गेली."

"बदली करीन तुझी, पार सिरोंच्याले."

"करा. तिथंही आधी बायांचे दंडच मोजीन."

तपासणीचा कागद मी सहीविनाच परत दिला.